‘अस्सल एस्प्रेसो’ची वंशावळ : प्रवासात चांगली कॉफी शोधणाऱ्या इतिहासप्रेमींसाठी एक धागा

१/२२
परदेशप्रवासाहून परतलेल्या तरुण मंडळींच्या लेखनात अलीकडे एक विधान हमखास आढळते : ‘अस्सल एस्प्रेसो फक्त इटलीतच मिळते, बाकी सर्वत्र तिची नक्कल.’ पाठोपाठ ‘शतकानुशतकांची इटालियन परंपरा’ हे शब्दही येतात. या विधानातला इतिहास चुकीचा आहे. आणि त्या चुकीच्या इतिहासापायी, परमुलखात समोर आलेला उत्तम पेला आपण नाक मुरडून बाजूला सारतो. वाचकहो, या दोन्ही गोष्टी या धाग्यात पुराव्यानिशी मांडायच्या आहेत.

२/२२
आधी व्याख्या. कॉफी जुनी आहे. व्हेनिससारख्या बंदरांतून ती सतराव्या शतकात युरोपात रुजली. परंतु एस्प्रेसो हे कॉफीचे दुसरे नाव नव्हे. बारीक दळून, दाबून बसवलेल्या पुडीतून गरम पाणी मोठ्या दाबाने, सुमारे अर्ध्या मिनिटात पार करणे, या कृतीचे ते नाव आहे. हा दाब हाताने किंवा चुलीवरच्या भांड्याने निर्माण होत नाही. त्याला यंत्र लागते. म्हणून एस्प्रेसोचे वय म्हणजे तिच्या यंत्राचे वय. त्याआधीचा काळ तिच्या नावावर जमा करता येत नाही.

३/२२
हे यंत्र केव्हाचे? १८८४ मध्ये तुरिन शहरात आंजेलो मोरिओन्दो याने वाफेच्या बळावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र एकदम पुष्कळ कॉफी करीत असे. मागणीनुसार एकेक पेला करून देणारे यंत्र मिलानच्या लुइजी बेझेराचे, पेटंट १९०१ चे. देसिदेरिओ पावोनी याने ते हक्क विकत घेऊन १९०५ पासून यंत्रे बनवायला घेतली आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात ही कॉफी लोकांसमोर आली. आता आपल्याकडील तारखा शेजारी ठेवा. ‘केसरी’ १८८१ चा. म्हणजे टिळक-आगरकरांचे वृत्तपत्र एस्प्रेसोच्या पहिल्या पेटंटहून वयाने वडील आहे.

४/२२
बरे, १९०६ ची ती कॉफी आजची एस्प्रेसो होती का? नव्हती. त्या यंत्रांत दाब केवळ वाफेचा, वातावरणाच्या जेमतेम दीडपट. पाणी उकळीच्या जवळ पोहोचलेले, त्यामुळे कॉफी करपट आणि कडवट उतरे. पेल्यावरचा तो तांबूस, दाट फेस, ज्याला इटालियन लोक ‘क्रेमा’ म्हणतात, तो तिच्यावर नव्हताच. तिचे वैशिष्ट्य होते वेग. आगगाड्या आणि तारायंत्रांच्या त्या युगात ‘एस्प्रेसो’ या शब्दात तीन अर्थ एकवटले होते : झटपट केलेली, दाबून काढलेली आणि खास तुमच्यासाठी, त्याच क्षणी केलेली.

५/२२
क्रेमाचा जन्म नंतरचा. मिलानच्या आकिले गाज्जा याने १९३८ मध्ये पहिले पेटंट नोंदवले. मध्ये महायुद्ध आले. १९४७-४८ च्या सुमारास तरफ आणि स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या असलेले त्याचे यंत्र बाजारात उतरले. वाफेऐवजी दट्ट्याने पाणी रेटल्यामुळे दाब एकदम वातावरणाच्या आठ-दहा पटींवर गेला. तेलांश आणि वायू एकजीव होऊन वर फेस आला. गाज्जाने त्याचीच जाहिरात केली. प्रवासी ज्याचे छायाचित्र ‘प्राचीन परंपरा’ म्हणून टाकतात, तो फेस स्वतंत्र भारताच्या वयाचा आहे.

६/२२
पुढची पायरी १९६१. फाएमा या कंपनीचे ‘ई ६१’ हे यंत्र आले. त्याच वर्षी झालेल्या सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. त्यात दट्ट्या ओढण्याचे कष्ट गेले आणि विजेचा पंप आला. साधारण नऊ पट दाब अखंड मिळू लागला. आज जगभरच्या कॅफेंत चालणारी पद्धत मुख्यतः हीच. महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० ची. म्हणजे आपले राज्य या पद्धतीहून एका वर्षाने मोठे!

७/२२
आणि ज्या काटेकोर मापांचा दाखला देऊन परक्या कॅफेंना नापास केले जाते, ती मापे? सुमारे ७ ग्रॅम पूड, २५ मिलिलिटर कॉफी, २५ सेकंद, ९ बार दाब, ८८ अंश सेल्सिअस पाणी. ही मोजमापे प्रमाणित करणारी इटालियन एस्प्रेसोची राष्ट्रीय संस्था १९९८ साली स्थापन झाली. या धाग्याच्या काही वाचकांचा जन्म तोवर झालेला होता. नियम उपयुक्त आहेत, यात शंका नाही. मात्र नियमावलीचे वय लपवून तिला स्मृतिग्रंथाचा मान देणे हा इतिहासाशी केलेला खोटेपणा आहे.

८/२२
‘उभ्या उभ्या दोन घोटांत कॉफी संपवणे ही इटालियन माणसाची उपजत रसिकता’, हेही असेच एक आवडते वाक्य. यामागचे कारण बरेच रुक्ष आहे. १९११ च्या सुमारास नगरपालिकांना जीवनावश्यक वस्तूंच्या कमाल किमती ठरवण्याचा अधिकार मिळाला, आणि टेबलावर वाढणी न घेता प्यालेली कॉफी त्यात धरली गेली. काउंटरवर उभे राहाल तर स्वस्त, बसाल तर महाग. सवय खिशातून जन्मली. सौंदर्यशास्त्र तिला मागाहून चिकटवले गेले.

९/२२
शिवाय ‘प्रत्येक इटालियनाची रोजची कॉफी’ हे चित्रही फार जुने नाही. १९३५ मध्ये मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या, राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले आणि ‘स्वावलंबना’च्या घोषणांच्या त्या काळात कॉफीची जागा चिकोरी नि भाजलेल्या जवाने घेतली. सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या जीवनात एस्प्रेसो खऱ्या अर्थाने स्थिरावली ती महायुद्धोत्तर भरभराटीत, विशेषतः १९५०-६० च्या दशकांत.

१०/२२
एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेला ‘परंपरांचा शोध’ या विषयावरील ग्रंथ अनेकांच्या परिचयाचा असेल. नवी प्रथा रुजली की समाज तिला प्राचीनत्वाचे कपडे चढवतो, हा त्यातला मध्यवर्ती विचार. एस्प्रेसो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०२२ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीसाठी पुढे केली. कॉफीचे तुर्की रूप त्या यादीत २०१३ पासून आणि अरबी रूप २०१५ पासून आहे. वारसा ठरवण्याच्या या चढाओढीत जाहिरात कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, हे तपासण्याचे काम आपल्यासारख्यांचे.

११/२२
येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे : परंपरा तरुण असली म्हणून ती खोटी ठरते काय? मुळीच नाही. मिलान वा नापोलीच्या बारमधील एस्प्रेसो उत्तम असते, आणि तिच्यामागे यंत्रकारांची व कामगारांची तीन-चार पिढ्यांची मेहनत आहे. माझा विरोध त्या पेल्याला नाही. त्या पेल्याभोवती आखलेल्या सोवळ्याला आहे. एका देशाची एका काळातली चव ‘शुद्ध’ ठरवायची आणि उरलेल्या जगाला ओवळ्यात बसवायचे, हा तो व्यवहार.

१२/२२
मुळात ‘इटालियन एस्प्रेसो’ तरी एक आहे का? त्रिएस्ते शहरात जा. तिथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात आणि दूध घातलेल्या छोट्या पेल्याला ‘कापो’. हे शहर पहिल्या महायुद्धापर्यंत हाब्सबुर्ग साम्राज्याचे बंदर होते. १७१९ मध्ये त्याला मुक्त बंदराचा दर्जा मिळाला होता. तिथला प्रसिद्ध ‘इल्ली’ उद्योग १९३३ मध्ये काढणारा फ्रान्चेस्को इल्ली हा तत्कालीन हंगेरी राज्यातील तेमेश्वार गावी जन्मला होता. उत्तरेत बिया तुलनेने हलक्या भाजतात, दक्षिणेत नापोलीकडे काळपट होईपर्यंत. यांतली ‘अस्सल’ कोणती, हे ठरवणार कोण?

१३/२२
दुसरे सोवळे रोबस्टाचे. ‘शंभर टक्के अरेबिका तीच खरी, रोबस्टा म्हणजे भेसळ’, असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले जाते. वस्तुतः दक्षिण इटलीच्या अनेक पारंपरिक मिश्रणांत रोबस्टा मुद्दाम असते. दाट क्रेमा आणि जड चव तीच देते. आता आपल्या घराकडे वळा. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक वर्षानुवर्षे इटलीच आहे. रोमच्या बारमध्ये ‘शुद्ध इटालियन’ घोट घेऊन धन्य होणाऱ्या मराठी प्रवाशाच्या पेल्यात कोडगूची किंवा वायनाडची बी असण्याची शक्यता चांगलीच आहे. बी पिकवणाऱ्याचे नाव पुसायचे आणि भाजणाऱ्याचे सोनेरी अक्षरांत लिहायचे, हा ‘अस्सल’पणाचा हिशेब आहे.

१४/२२
आता या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग. प्रवासवर्णनांत अदिस अबाबाच्या मॅकियाटोचे कौतुक असते आणि त्याखाली ओळ असते : ‘ही इटलीची देणगी.’ थांबा. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. तिथे ‘बुन्ना’ घरात भाजून, कुटून, ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळून, तीन फेऱ्यांत पाहुण्याला देतात. इटालियन सैन्याने तो देश १९३६ ते १९४१ ताब्यात ठेवला. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी व्हाइसरॉय ग्राझियानीवर हल्ल्याचा प्रयत्न झाल्यावर पुढील काही दिवसांत अदिस अबाबात हजारो निःशस्त्र माणसे मारली गेली. यंत्रे त्याच राजवटीच्या सामानातून आली. तिला ‘देणगी’ म्हणण्याआधी हे वाक्य आपण रेल्वे आणि इंग्रजांबद्दल ऐकून घेतो का, याचा विचार करावा.

१५/२२
शेजारच्या एरिट्रियातील अस्मारा शहर पाहा. १८९० ते १९४१ इटलीची वसाहत. तिथल्या आधुनिक वास्तुरचनेमुळे २०१७ मध्ये शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या कॅफेंतली जुनी इटालियन यंत्रे पाहून प्रवासी हरखतात. पण फॅसिस्ट राजवटीच्या वंशभेदी धोरणांनी हे शहर गोऱ्यांचे आणि स्थानिकांचे असे विभागले होते. ज्या काउंटरांवर पूर्वी स्थानिक माणसाला बरोबरीने उभे राहता येत नव्हते, तिथे आज तोच मालक आहे, तोच यंत्र चालवतो, तोच पितो. हा पेला सत्तेकडून हिसकावून आपलासा केलेला आहे. त्याची तुलना मिलानशी करून ‘जवळपास जमली आहे’ असा शेरा मारणे हा शुद्ध उद्धटपणा.

१६/२२
अदिस अबाबातील ‘तोमोका’ ही प्रख्यात कॉफी-पेढी १९५३ ची, म्हणजे ताबा संपल्यानंतर बारा वर्षांनी निघालेली. नावात इटालियन शब्द आहेत, भाजलेल्या बिया इथिओपियाच्या. लोक उभ्यानेच पितात. इथली एस्प्रेसो चांगली का? कारण ज्या डोंगरांत कॉफी उगवते त्यांच्या देशातच ती भाजली जाते, ताजी असते आणि दिवसभर खपते. या कारणांत ‘इटालियनपणा’ शेवटी येतो. चांगल्या पेल्यामागचे खरे कारण ओळखता येणे, हीच तर इतिहासाच्या विद्यार्थ्याची कसोटी.

१७/२२
सत्तेबरोबर नव्हे, तर स्थलांतरितांबरोबर गेलेल्या एस्प्रेसोचे उदाहरण मेलबर्नचे. महायुद्धानंतर हजारो इटालियन कामगार ऑस्ट्रेलियात उतरले. १९५१ मध्ये दोन्ही देशांत तसा करारही झाला. चहा पिणाऱ्या, परक्यांकडे संशयाने पाहणाऱ्या समाजात त्यांनी आपले अड्डे थाटले. बर्क स्ट्रीटवरील ‘पेलेग्रिनीज’ १९५४ चे. दोन पिढ्यांत त्या शहराची जीभ इतकी तयार झाली की अमेरिकेच्या स्टारबक्सला २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ८४ पैकी ६१ दुकाने बंद करावी लागली. तिथे एस्प्रेसोला ‘शॉर्ट ब्लॅक’ म्हणतात. नाव बदलले, म्हणून चव नक्कल ठरली काय?

१८/२२
दुसऱ्या टोकालाही एक कर्मठ पंथ आहे. त्याला इटलीचे प्रेम नाही. फोनवरच्या गुणांकनावर जगातल्या कुठल्याही शहरात तोच पांढऱ्या भिंतींचा कॅफे, तीच हलकी भाजलेली, आंबटगोड फळांच्या चवीची कॉफी तो शोधतो. कॉफी उत्तम असेलही, आणि शेतकऱ्याचे नाव पाकिटावर छापण्याची त्यांची रीत तर आदरणीयच आहे. परंतु लिस्बनला जाऊन ‘बिका’ न पिता आणि त्रिएस्तेत ‘नेरो’ न मागता जो परततो, तो शहर बदलून आला. त्याच्या पेल्याने मात्र गाव सोडले नाही. पहिल्याने एक देश मापदंड केला, दुसऱ्याने एक शैली. दोघेही समोरच्या गावाकडे पाहत नाहीत.

१९/२२
‘मग काय, जे मिळेल ते चांगलेच म्हणायचे?’ नाही. वाईट एस्प्रेसो सर्वत्र मिळते, इटलीतही. शिळ्या बिया, न धुतलेले यंत्र आणि घाई यांना राष्ट्रीयत्व नसते. प्रवासात आत शिरताच तपासावे : बिया पेल्यागणिक दळल्या जातात का? ग्राइंडरवरच्या पात्रावर जुन्या तेलाचा चिकट थर आहे का? दूध तापवणारी वाफेची नळी प्रत्येक वेळी पुसली जाते का? धार काही क्षणांनी मधासारखी सावकाश उतरते, की पाण्यासारखी भसकन? फेस तांबूस आहे, की पांढुरका आणि विरळ? ही तपासणी चवीच्या कार्यकारणाची आहे. तिला कुठल्याच देशाचा पासपोर्ट लागत नाही.

२०/२२
दुसरी तपासणी इतिहासाची. गावात यंत्र कोणी आणले : वसाहतवाल्यांनी, स्थलांतरितांनी, की बाहेरून शिकून परतलेल्या गावकऱ्यांनी? पेल्याचे स्थानिक नाव काय? लोक तो केव्हा पितात, उभ्याने की बसून? स्पेनमध्ये कॉफी काळीकुट्ट आणि कडू लागली तर ती साखरेत भाजलेल्या ‘तोर्रेफाक्तो’ बियांची असू शकते. टंचाईच्या वर्षांत ती चव तिथे पक्की झाली. ती आवडलीच पाहिजे असे नाही. पण ‘यांना कॉफी कळत नाही’ हा शेरा आणि ‘ही टंचाईची चव आहे’ हे ज्ञान, यांत अंतर आहे. शोधाची जागाही सोपी आहे : पर्यटनस्थळासमोरचा चौक टाळा, बाजार, स्टेशन, कचेरी यांच्याजवळ कामावर निघालेली माणसे जिथे थांबतात तिथे जा. खप जास्त, म्हणजे बी ताजी. दुकान उघडताक्षणीचा पहिला पेला मात्र टाळावा. यंत्र पुरते तापलेले नसते.

२१/२२
शेवटी आपल्या अंगणातले उदाहरण. लग्नाच्या स्वागतसमारंभात स्टीलच्या यंत्रातून फुसफुसत निघणारी, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली गोड, फेसाळ कॉफी. महाराष्ट्रात पिढ्यांनी तिला ‘एक्स्प्रेसो’ म्हटले. आज त्या शब्दाला हसणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण समजले जाते. व्याख्येने ती एस्प्रेसो नाही; ती झटपट कॉफीची पूड आणि दूध वाफेने उकळून केलेली असते. पण यंत्र, वाफ आणि प्रत्येकासाठी समोर करून दिलेला पेला, या तीन गोष्टींतून १९०६ च्या मिलान प्रदर्शनाचा दूरचा पडसाद आपल्या मांडवात पोहोचला, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ज्याला स्वतःच्या गावातला हा दस्तऐवज वाचता येत नाही, तो अस्माराचा काय वाचणार?

२२/२२
सारांश : एस्प्रेसोची आजची पद्धत साठ-सत्तर वर्षांची, तिची नियमावली १९९८ ची आणि तिच्या बियांचे मूळ इथिओपियात, त्यांतला काही वाटा भारतीय मळ्यांचा. तेव्हा पुढच्या प्रवासात ‘इथे इटलीसारखी मिळते का?’ हा प्रश्न घरी ठेवून जावे. त्याऐवजी काउंटरवर विचारावे : ‘तुम्ही लोक इथे काय पिता? त्याला काय म्हणता? बी कुठून येते?’ उत्तर बहुधा आपुलकीने मिळते आणि पेलाही बहुधा बरा मिळतो. आपापल्या प्रवासातली अशी स्थानिक नावे आणि त्यांच्यामागच्या हकिकती खाली अवश्य लिहा. आणि कोणी ‘शतकानुशतकांची परंपरा’ म्हणून छायाचित्र टाकले, तर नम्रपणे एवढेच विचारा : कोणते शतक?